भुंगेऱ्याची चिठ्ठी

अलिबाग-रेवदंड्याकडे आंब्याला भिरूड लागते, हे आपल्या वडीलधाऱ्यांना चांगले ठाऊक होते. भिरूड म्हणजे लांब मिशांच्या एका भुंगेऱ्याची अळी. हाच भुंगेरा इस्राएलात अंजिराची खोडे पोखरतो. त्याचा एक जपानी भाऊबंद टोकियोतील हिगाशी-कसाई येथे आम्ही पाहिला. काळा, चकचकीत, पाठीवर पांढरे ठिपके. जपानी लोक त्याला 'गोमादारा-कामिकिरी' म्हणतात.

याची ओळख पटविणे सोपे नाही. चीन-कोरियाकडचा एक भुंगेरा दिसावयास जवळजवळ तसाच. तो झाडांचा मोठा वैरी. २०२३ साली जपान सरकारने त्याला घातक परकीय जातींत घातले. फरक आहे तो पाठीवरील कठीण झाकणांच्या मुळाशी. तेथे बारीक दाणे असले तर भुंगेरा घरचा, गुळगुळीत असले तर परका.

घरच्याच्या नावाची कथाही मौजेची आहे. १८६५ साली थॉमसन या शास्त्रज्ञाने त्याच्या नावात मलायाचा उल्लेख घातला. राहणारा तर तो जपानचा! पुढे २००२ साली दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी या गोताची फेरतपासणी केली आणि त्याला चीनचे नाव असलेल्या जातीत मिळविले. जपानात मात्र जुने नाव अजून चालते.

अशा वादात कामी येते ती टाचणीखालची चिठ्ठी : कोठे सापडला, केव्हा, कोणी पकडला. जॉर्ज लुईस या चहाच्या व्यापाऱ्याने जपानात भुंगेरे जमविले. त्यांवरून हेन्री बेट्स यांनी १८७३ साली इंग्लंडात बसून तेथील जातींची वर्णने लिहिली. चिठ्ठी नसलेला नमुना केवळ शोभेचा.

वाचकहो, आपल्या पूर्वजांनी अशीच चिठ्ठी आडनावात जपली. पेणकर, रोहेकर, दिवेकर. ज्याचे त्याचे गाव त्याच्या नावात. भारतीय फुलपाखरांवर २००८ साली मोठा ग्रंथ लिहिणारे आयझॅक किहीमकर यांच्या आडनावातही किहीम आहेच. देशांतर केल्यावर काही घरांतून हे 'कर' गळून पडले. ट्रंकेतल्या जुन्या छायाचित्रांवर तर गावही नाही आणि सालही नाही. ते कोण, हे सांगणारी आजी आहे तोवर विचारून घ्या आणि छायाचित्रामागे पेन्सिलीने लिहून ठेवा : नाव, गाव, साल. पुढे नातवंडांनी विचारले, तर सांगावयास तेवढेच हाताशी राहील.