स्वयंचलित प्रेषण तेल : तपासणीचा इतिहास

स्वयंचलित प्रेषण म्हणजे चालकाने गिअर न बदलता एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा. तिच्यातील तेल हे केवळ वंगण नव्हे. शक्ती पुढे देणे, आतील क्लच-तबकड्या दाबाने आवळणे व उष्णता वाहून नेणे ही कामेही तेच करते. त्यामुळे पातळी घटली की पंप हवा ओढतो, तेलास फेस येतो आणि तबकड्या घसरून जळतात. पातळी वाजवीपेक्षा वाढली, तरी फिरती दंतचक्रे तेल घुसळतात व परिणाम तोच होतो.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्डस्मोबील गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ प्रेषण बसविले आणि १९४९ मध्ये ‘टाइप ए’ ह्या नावाने त्याच्या तेलाचे विनिर्देश ठरविले. एंजिन तेलापासून वेगळे ओळखता यावे म्हणून ह्या तेलास तांबडा रंग देण्याचा प्रघात पडला. तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करीत. तेल सुमारे ८०° से. पर्यंत तापल्यावर दांडा सर्व स्थानांतून फिरवून बहुधा ‘पार्क’वर आणीत आणि एंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक पाहत. एंजिन बंद असता तेल तळाशी उतरते व पातळी आहे त्याहून अधिक दिसते. करपट वासाचे काळपट तेल तबकड्या जळाल्याचे, तर दुधाळ तेल पाणी शिरल्याचे लक्षण होय.

पिंपरी-चिंचवडला मोटार कारखानदारी आली, तिच्याबरोबर ही रीत आली नाही. टेल्कोच्या ४०७ (१९८६), सिएरा (१९९१), इंडिका (१९९८) ह्या गाड्यांना हाताने बदलण्याचे गिअर होते. अशा गिअरपेटीचे तेल सामान्यतः बाजूचे बूच काढून, ते भोकाच्या कडेला लागते की नाही हे बोटाने चाचपून पाहतात. टेल्कोच्याच आवारात १९९५ पासून मर्सिडीझ-बेंझ गाड्यांची जुळणी सुरू झाली. ह्या कंपनीने १९९६ च्या सुमारास आणलेल्या पाच वेगांच्या स्वयंचलित प्रेषणात तेलाची नळी राहिली, पण तिला मोहोरबंद झाकण बसले. डिपस्टिक हे कार्यशाळेचे अवजार बनले.

मर्सिडीझ व फोक्सवॅगन ह्यांचे चाकण येथील कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या दशकात ह्या पट्ट्यात स्वयंचलित गाड्या वाढल्या, तोवर जगभर डिपस्टिक मागे पडत चालली होती. अनेक बंदिस्त प्रेषणांत गाडी समपातळीत उचलून, उपकरणाने तेलाचे तापमान पाहून, एंजिन चालू असताना खालचे बूच उघडतात. जादा तेल वाहून धार थेंबांवर आली की पातळी योग्य समजतात. तत्त्वतः ही जुन्या गिअरपेटीचीच रीत आहे. बोटाची जागा तापमापकाने घेतली एवढेच. ‘आजन्म पुरणारे तेल’ हे वर्णन मात्र दिशाभूल करणारे आहे. तेल गळते, तसेच उष्णतेने त्याचे गुण उतरतात आणि मालकाला ते पाहण्याची सोय उरलेली नसते.

फोक्सवॅगनने २०१३ मध्ये भारतातील पोलो गाडीत सात वेगांचे दुहेरी क्लचचे प्रेषण आणले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात वेगांच्या प्रेषणांतील संश्लिष्ट तेल बदलून खनिज तेल घालण्याचे जाहीर केले. उष्ण व दमट हवेत संश्लिष्ट तेलामुळे विद्युत् पुरवठ्यात बिघाड होऊ शकतो, असे आढळले होते.