प्राण्याला दिवा कशाला?

प्रवाळ हा प्राणी आहे, असे आपण वर्गात सांगतो. मग घरी खाऱ्या पाण्याची नवी टाकी मांडून तीत प्रवाळ ठेवू पाहणारे सगळ्यांत आधी दिव्याची चौकशी का करतात? प्राण्याला उजेड कशाला हवा?

प्रवाळाच्या पेशींमध्ये तपकिरी, एकपेशीय शैवाले राहतात, हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. ती तेथे करतात काय, हे मात्र ठाऊक नव्हते. १९२८-२९ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मॉरिस याँग यांची तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधील लो आयल्स या बेटांवर वर्षभर राहिली. याँग यांनी प्रवाळ अंधाऱ्या पेट्यांत ठेवून पाहिले. शैवाले नाहीशी झाली, प्रवाळ पांढरे पडले. पण बारीक प्लवक खायला मिळत होते तोवर ते जगले! यावरून याँग यांनी ठरवले, की प्रवाळ निव्वळ मांसाहारी आहे. शैवाले त्याला अन्न देत नाहीत, फार तर त्याची टाकाऊ द्रव्ये उचलतात.

प्रयोग चोख होता. फसगत झाली ती प्रश्नात. अंधारात प्रवाळ जगतो का, हे तपासले गेले; उजेडात त्याला जास्तीचे काय मिळते, हे राहूनच गेले. ते मोजायला किरणोत्सारी अणू हाती यावे लागले. १९५८ मध्ये अमेरिकेत मस्कॅटिन आणि हँड यांनी प्रवाळाच्याच नात्यातल्या समुद्रफुलात किरणोत्सारी कार्बनचा माग काढला. शैवालांनी पकडलेला कार्बन प्राण्याच्या ऊतींत पोचला होता! जमैकात गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवले, की उजेडात प्रवाळाचा सांगाडा कितीतरी वेगाने वाढतो.

गंमत अशी, की याच सुमारास जकार्तामधील ली चिन एंग हे हौशी गृहस्थ ताजे समुद्राचे पाणी, जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन एवढ्यावर प्रवाळ सांभाळत होते. १९६१ मध्ये त्यांनी ही पद्धत अमेरिकन मासिकात लिहिली. पण विषुववृत्ताजवळचे ऊन युरोपात कोठून आणणार? साध्या ट्यूबलाइटखाली बहुतेक कठीण प्रवाळ खंगत. पुढे जर्मन हौशी मंडळींनी प्रखर मेटल हॅलाइड दिवे टांगले, तेव्हा गाडी पुढे सरकली. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश वरच्या थरातच शोषून घेते, निळा खोलवर जातो. म्हणून निळ्या ट्यूबा जोडीला आल्या. आता बहुतेक ठिकाणी एलईडी आहेत.

मग नव्या टाकीवर पहिल्याच दिवशी सगळे दिवे लावावेत का? नाही. प्रवाळापाठोपाठ काचेवरची हिरवी शेवाळेही त्याच उजेडावर पोसतात. शिवाय मंद उजेडाला सरावलेल्या प्रवाळावर एकदम झोत पडला, तर शैवाले त्याला सोडून जातात. याँग यांच्या पेटीत अंधाराने जे झाले, तेच येथे उजेडाने होते! म्हणून दिवा आधी उंच टांगतात, थोडे तास लावतात आणि काही आठवड्यांत हळूहळू वेळ वाढवतात.