बाथटबची गळती आणि घराचा विमा : एका अटीचा इतिहास

घरातील बाथटब गळू लागला आणि खालच्या खोलीच्या छतास ओल आली, तर त्याची भरपाई घराच्या विम्यातून मिळते काय, हा प्रश्न वरवर पाहता गृहव्यवस्थेचा वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर विमापत्रातील ज्या अटीवर अवलंबून असते, ती अट दीर्घ ऐतिहासिक प्रक्रियेतून घडलेली आहे. प्रस्तुत लेखात इंग्लंड व अमेरिकेतील तिच्या घडणीचा मागोवा घेऊन भारतीय विमापत्रांत ती कोणत्या रूपात आढळते, हे पाहावयाचे आहे.

गृहविम्याचा जन्म आगीतून झाला. १६६६ च्या आगीत लंडनमधील सुमारे १३,२०० घरे भस्मसात झाली. त्यानंतर निकोलस बार्बन याने १६८० च्या सुमारास घरांच्या विम्याचा व्यवसाय उभारला. विटांच्या घरास वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के व लाकडी घरास पाच टक्के असा त्याचा दर होता. आगीला दिवस असतो, वेळ असते, साक्षीदार असतात. विम्याची भाषा अशा घटनेवर बेतली गेली. त्या काळी बहुसंख्य घरांत नळ नव्हतेच.

एकोणिसाव्या शतकात नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि मुलामा दिलेले लोखंडी बाथटब घरात आले. भिंतीआड व फरशीखाली न दिसणारे पाणी वाहू लागले. विमा मात्र दीर्घकाळ आगीभोवतीच फिरत राहिला. न्यूयॉर्कच्या १९४३ च्या १६५ ओळींच्या प्रमाणित विमापत्रात आग, वीज आणि संकटसमयी हलविलेल्या मालाची हानी एवढेच होते. निरनिराळ्या प्रकारचे विमे एकाच कंपनीने विकण्यावर अमेरिकेत कायद्याचे निर्बंध होते. ते शिथिल झाल्यावर १९५० मध्ये फिलाडेल्फियाच्या इन्शुरन्स कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिकाने घरमालकांसाठी एकत्रित विमापत्र आणले. पुढे या परंपरेत नळातून सुटलेल्या पाण्याला जागा मिळाली, पण ‘आकस्मिक व अपघाती’ या अटीवर. म्हणजे पाण्यानेही आगीसारखेच वागावे, अशी अपेक्षा!

बाथटब नेमका तसा वागत नाही. पुरवठ्याची नळी फुटली किंवा तोटी उघडी राहून पाणी ओसंडले, तर खालच्या छताची भरपाई सहसा मिळते. परंतु निचऱ्याच्या तोंडाचे वॉशर झिजते, टबाच्या कडेचा सांधा उकलतो आणि पाणी महिनोन्‌महिने झिरपते. तेव्हा विमा कंपनी त्यास झीज अथवा देखभालीतील कसूर म्हणते. खुद्द टबाच्या दुरुस्तीचा खर्च तर दोन्ही स्थितींत मालकाचाच. अमेरिकी विमापत्रांत भरपाईयोग्य गळतीच्या दुरुस्तीसाठी फरशी वा भिंत फोडावी लागली, तर तो खर्च बहुधा मिळतो. त्यामुळे काढलेले वॉशर फेकून न देता छायाचित्रांसह जपून ठेवणे, हे दाव्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. इतिहासाच्या अभ्यासकास साधनांचे मोल वेगळे सांगावयास नको.

या अटीत, प्रस्तुत लेखकाच्या मते, एक अन्याय दडलेला आहे. जी गळती फरशीखाली असल्याने दिसतच नाही, तिच्याकडे दुर्लक्ष केल्याचा ठपका रहिवाशावर येतो. टेक्सासमधील ड्रिपिंग स्प्रिंग्ज येथील खटल्यात हा संघर्ष उघड झाला. तेथील एका घरात नळगळतीनंतर बुरशी पसरली. कंपनीने दावा नीट न हाताळल्याच्या कारणावरून २००१ मध्ये ज्यूरीने सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर देवविले. २००२ मध्ये अपिलात ही रक्कम सुमारे ४० लाखांवर आली. तथापि, त्यानंतर अनेक कंपन्यांनी बुरशीचे संरक्षणच आखडते घेतले. जिंकलेल्या दाव्याची किंमत इतर विमेदारांनी मोजली, असे म्हणता येईल.

आपल्याकडे बाथटब विरळाच. परंतु न्हाणीघराच्या फरशीतून खाली उतरणारी ओल कोणास अपरिचित आहे? १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमापत्रात पाण्याच्या टाक्या, उपकरणे व नळ फुटणे किंवा ओसंडणे हे धोके समाविष्ट आहेत. यापूर्वीच्या अग्निविमापत्रातही जवळपास हेच शब्द होते. पाझरणे त्या यादीत नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरील सामाईक वाहिन्यांची गळती संस्थेने दुरुस्त करावयाची, तर सदनिकेतील अंतर्गत गळतीचा खर्च सदस्याने सोसावयाचा असतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरून ओल झिरपली की विमा कंपनी झिजेकडे बोट दाखविते, संस्था सदस्याकडे आणि वरचा सदस्य बांधकाम करणाऱ्याकडे. खालचा रहिवासी मात्र तोवर छताखाली बादली ठेवतो.