मुठीतली थंडी: चंदगडच्या रस्त्यावरचा हातांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. विषय ऐकून हसाल. गडकिल्ले नाहीत, लढाया नाहीत. आज बोलायचंय ते डिसेंबरातल्या पहाटे गाडीच्या हँडलवर गोठणाऱ्या बोटांबद्दल. पण थांबा, यात इतिहास भरपूर आहे.

आधी जागा समजून घेऊ. आमचं चंदगड म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचं दक्षिण टोक. खाली तिलारीचा घाट उतरला की कोकण लागतं, पूर्वेला बेळगाव. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपासची उंची, सह्याद्रीचा माथा, भोवती काजूच्या बागा आणि ऊस. थंडीत सकाळी आठपर्यंत धुकं हलत नाही. काश्मीरवाल्यांना ही थंडी म्हणजे चेष्टा वाटेल. पण गाडीवर बसल्यावर हिशेब बदलतो, आणि तो कसा बदलतो हीच आजची गोष्ट.

पूर्वी आपल्याकडे थंडीचं उत्तर एकच होतं, घोंगडं. दख्खनी मेंढीची लोकर धनगर कातरायचे, घरातल्या बाया सूत कातायच्या, सनगर मागावर विणायचे आणि चिंचोक्याची खळ लावून ते घट्ट करायचे. लोकर दमट झाली तरी ऊब धरते, म्हणून धुक्यात आणि पावसातही घोंगडं चालायचं. आता बैलगाडीवाला डोळ्यासमोर आणा. डोक्यावरून घोंगडं, कासरा धरलेला हात आतच. बैल चालणार ताशी चार-पाच किलोमीटर, वारा लागणार किती? मग सायकल आली. तिला वेग होता, पण पाय मारून मारून माणूस घामाघूम व्हायचा. शरीरच शेगडी होतं.

मोटारसायकलनं हे गणित मोडलं. माणूस जोरात जातोय आणि शरीर मात्र बसून आहे. त्यात हात सगळ्यात पुढं, थेट वाऱ्यात. बरं, ते खिशात घालायची सोय नाही, कारण क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर सगळी कामं बोटांचीच.

वारा नेमकं काय करतो, हे मोजलं गेलं अंटार्क्टिकात. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं पाण्यानं भरलेलं प्लास्टिकचं नळकांडं वाऱ्यात टांगलं आणि किती वेळात गोठतं ते टिपलं. वारा जितका जोरात, तितकी उष्णता लवकर पळते. त्यांच्या कामातून निघालेलं सूत्र २००१ मध्ये सुधारलं गेलं. ते आपल्या रस्त्याला लावून बघा. पारा १० अंशांवर आणि गाडी ताशी ६० वर असेल, तर उघड्या कातडीला जाणवतात सुमारे ५ अंश. म्हणजे थंडी अर्धी आभाळातली आणि अर्धी आपल्याच मनगटानं पिळलेली!

पाश्चात्य देशांत यावर उपाय निघाले ते बहुतेक युद्धांतून. पहिल्या महायुद्धात निरोप पोचवणारे मोटारसायकलस्वार लांब चामडी हातमोजे घालायचे. उघड्या विमानात बसणाऱ्या वैमानिकांसाठी तर विजेवर तापणारे कपडे तेव्हाच निघाले होते. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या बर्फात जर्मन सैन्याच्या काही गाड्यांना सायलेन्सरची गरम हवा हातापायांकडे वळवणारे पाईप बसवले गेले. आणि १९८० च्या दशकात बीएमडब्ल्यूसारखी कंपनी विजेवर तापणाऱ्या मुठी देऊ लागली.

आपल्याकडे? बुलेट मद्रासला बनू लागली १९५५ नंतर, जावा म्हैसूरला १९६० च्या दशकात. दोन्ही गावं उकाड्यापावसाची, तिथं गरम मुठींचा विचार कोण करणार? शिवाय जावा, राजदूत यांच्यात ६ व्होल्टची वीज. तिच्यावर हेडलाईटच जेमतेम जळायची. मग गाडीनं जे दिलं नाही, ते माणसांनी स्वतः जुळवलं.

माझे एक काका राजदूत चालवायचे. त्यांची पद्धत अशी: हातात जुने लोकरीचे पायमोजे, त्यावर खताच्या पोत्यातलं आतलं प्लास्टिक, मनगटाला सुतळी. आणि शर्टाच्या आत छातीवर पेपर. आम्ही पोरं हसायचो. पण सायकल शर्यतींचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की टूर द फ्रान्समधले सायकलपटूसुद्धा डोंगर उतरताना जर्सीत वर्तमानपत्र खुपसायचे!

यामागं शास्त्र आहे. छाती-पोट गार पडू लागलं की शरीर हातापायांच्या रक्ताचा नळ बारीक करतं, आतले अवयव जपायला. म्हणून नुसते भारी हातमोजे घेऊन भागत नाही. छाती गरम असेल तर बोटांकडे रक्त जातं. काकांना हे शब्द माहीत नव्हते, पण काम तेच होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं पहाटे उठून जायचं कशाला? इथं नकाशाचा इतिहास येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मुंबई राज्यात राहिलं आणि कोल्हापूरला जोडलं गेलं. नकाशावर रेघ पडली, पण माणसांची ये-जा तीच राहिली. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पलीकडं, बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. म्हणून सरकारी काम असलं की कोल्हापूर, आणि बाजार, कॉलेज, दवाखान्याला बेळगाव. शिनोळीच्या एमआयडीसीतली सकाळची पाळी, दुधाचे कॅन, पेपरची बंडलं हे सगळं उजाडायच्या आत दुचाकीवरच निघतं. पहाटे पाचला किक कोण मारतो, हे त्या रेघेनंही ठरवलंय.

आणि आता मुद्द्याचं. गारठलेली बोटं नुसती दुखत नाहीत, ती उशीर करतात. ताशी ५० च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद जास्त लागला, की ७ मीटर गेले. आपल्याकडं थंडी आणि उसाचा हंगाम एकदमच येतात. धुक्यात पुढं उसाची ट्रॉली, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. तिथं ते ७ मीटर म्हणजे एक माणूस घरी पोचणं किंवा न पोचणं.

म्हणून जुन्या माणसांचं शहाणपण आजच्या भाषेत सांगतो. आत लोकर, बाहेर वारा अडवणारा थर. हातमोजे घट्ट नकोत, रक्त फिरायला जागा पाहिजे. हँडलला कव्हर लावलंत तर उभ्या गाडीवर ब्रेक-क्लच दाबून बघा, काही अडकत नाही ना. बोटं बधिर झाली तर थांबा, हात काखेत धरा. तापलेल्या सायलेन्सरला किंवा शेकोटीला चिकटवू नका, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. ‘एक पेग मारला की ऊब येते’ हे तर साफ खोटं. दारूनं कातडीकडं रक्त धावतं, म्हणून गरम वाटतं, पण खरी उष्णता बाहेर निघून जाते. आणि गाडीवर दारू नकोच, हे वेगळं सांगायला नको.

गरम मुठींचं पेटंट कुणाचं, हे शोधलं तर सापडेल. पायमोजे, प्लास्टिक आणि सुतळीची नोंद कुठल्या पुस्तकात नाही. तुमच्या घरात कुणी राजदूत, येझदी, लूना चालवली असेल, तर आज रात्री जेवताना विचारा, थंडीत हाताला काय बांधायचात? उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. ती माणसं आहेत तोवरच हे विचारता येणार आहे.

चला, सावकाश जा, पोचलात की घरी एक फोन करा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.