‘इलस्ट्रियस’ : एका विशेषणाची कुळकथा

थोर पुरुषांच्या नावाआधी योजावयाच्या इंग्रजी विशेषणांत ‘इलस्ट्रियस’ हे विशेष भारदस्त. त्याचे मूळ लॅटिन ‘इलुस्ट्रिस’. अर्थ, लख्ख उजळलेला. ‘लुक्स’ म्हणजे प्रकाश, त्याच कुळातील हा शब्द. प्रकाशणे या अर्थाचा संस्कृत ‘रुच्’ धातूही त्यांचाच भाऊबंद. परंतु रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात हे विशेषण गुणवाचक न राहता पदवाचक झाले. सर्वोच्च अधिकाऱ्यांची ती दरबारी श्रेणी ठरली. ‘स्पेक्ताबिलिस’ व ‘क्लारिस्सिमुस’ या तिच्या खालच्या पायऱ्या. उजेड माणसाच्या अंगचा असावयाचा, तो सिंहासनावरून पडू लागला.

गोमंतकात हा शब्द पोर्तुगीज वेषात आला. डिचोली १७८१ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. मराठी पत्राचा मायना ‘राजमान्य राजश्री’. पोर्तुगीज पत्राचा ‘इलुस्त्रीसिमु सिन्योर’. दोहोंतही मान राजद्वारीचाच, आणि वापरून वापरून दोन्ही सारखीच झिजली. आपल्या मायन्याचे तर नुसते ‘रा. रा.’ उरले! पेडण्याच्या देशप्रभूंना पोर्तुगालच्या राजाने ‘व्हिस्कोंद’ केले. १९१० मध्ये तेथे प्रजासत्ताक येताच सरदारी पदव्या कायद्याने रद्द झाल्या. देशप्रभू हे नाव व त्यांचा वाडा मात्र पेडण्यात राहिला.

इंग्रजी विशेषणाला मराठी प्रतिशब्द म्हणून आपण ‘देदीप्यमान’, ‘कीर्तिमान’ असे शब्द शोधतो. माझ्या मते अर्थाने सर्वांत जवळचा शब्द आपण दररोज लिहितो, आणि म्हणूनच तो आपल्याला दिसत नाही. ‘श्री’ म्हणजे मुळात कांती, तेज. संपत्ती व लक्ष्मी हे अर्थ त्याच्याच पोटातले. हजेरीपटापासून निमंत्रणपत्रिकेपर्यंत सर्वत्र लागून तोही निस्तेज झाला आहे, हे खरे.

त्याचे मूळचे वजन पाहावयाचे तर डिचोली तालुक्यातील नार्वे येथे जावे. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देवालय पोर्तुगिजांनी पाडल्यावर लिंग नदीपलीकडे येथे आणले गेले. शिवाजीमहाराजांनी शके १५९०, म्हणजे नोव्हेंबर १६६८ मध्ये, नव्या देवालयाचा आरंभ केला. राज्याभिषेकास अद्याप सहा वर्षांचा अवकाश होता. द्वारावरील शिलालेखात शक, तिथी, वार आहेत. बिरुदांची माळ नाही. देवाच्या नावाआधी ‘श्री’ आणि राजाच्या नावाआधीही तेवढेच ‘श्री’.