वळूची हमी : दहा दिवस, तीन महिने आणि वर्षभर



तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने बीबीसारख्या गावात येऊन वळूच्या खरेदीवर बोलावं, याचं काहींना हसू आलं असेल. येऊ द्या. आम्हाला विचाराल तर 'हमी' या शब्दाइतका अवघड शब्द बाजारात दुसरा नाही. जे अजून घडलेलंच नाही त्याबद्दल आज दिलेला शब्द, म्हणजे हमी. जनावरांच्या बाजारात ज्या ज्या गोष्टींचा असा शब्द दिला जातो, त्यात वळूने गाई गाभण करण्याचा शब्द सगळ्यात ठिसूळ. तो ठिसूळ का आणि आपल्या लोकांनी शेकडो वर्षं त्याचं काय केलं, हे आज पाहायचं आहे.

बैल घेताना तुम्ही दात बघता, खूर बघता, चालवून बघता, जमलं तर वखराला जुंपून बघता. दुभती गाय घेताना समोर धार काढायला लावता. 'पाण्यात म्हैस, वर मोल' असं आपण हसून म्हणतो, पण ती म्हैसही बाहेर काढली की दिसते. वळूचं तसं नाही. तो कितीही वेळ उन्हात उभा करा, वशिंडावरून हात फिरवा, ज्या गुणासाठी आपण पैसे मोजतो तो गुण त्याच्या अंगावर दिसतच नाही. तो कळतो गाईच्या पोटात, आणि तोही दोन-तीन महिन्यांनी. तोवर बाजार उठलेला असतो, इसार आणि बाकी दोन्ही चुकते झालेले असतात, आणि विकणारा आपल्या गावी गेलेला असतो.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात 'क्रीतानुशय' नावाचं एक प्रकरण आहे. क्रीत म्हणजे विकत घेतलेलं आणि अनुशय म्हणजे पश्चात्ताप. घेतलेल्या मालाचा पस्तावा झाला तर काय, याचा विचार त्यात आहे. मनूने सरसकट दहा दिवसांची मुदत दिली : या काळात घेणाऱ्याने परत द्यावं, विकणाऱ्याने परत घ्यावं. याज्ञवल्क्य अधिक व्यवहारी. त्याने प्रत्येक वस्तूला तिची तिची मुदत लावली. लोखंड पारखायला एक दिवस, दुभतं जनावर तीन दिवस, ओझ्याचं जनावर पाच दिवस, रत्न सात दिवस, बियाणं दहा दिवस. दास-दासीही त्याच यादीत बसवलेत, दासाला पंधरवडा आणि दासीला महिना. हे वाचताना आजही मान खाली जाते. पण यादीमागचं तत्त्व बघा. वस्तूचा दोष उघडा पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढी मुदत. गाईचं दूध तीन दिवसांत कळतं, बी दहा दिवसांत उगवतं. या याज्ञवल्क्यावरची सगळ्यात गाजलेली टीका, विज्ञानेश्वराची मिताक्षरा, चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली गेली. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याला लागूनच.

आता गंमत अशी, की या यादीत शेताचं बी आहे पण वळू नाही. का नसावा? आमचं मत असं, की गावाचा वळू विकत घ्यायची पाळी फारशी येतच नसावी. तो सोडलेला असायचा. श्राद्धविधीत वृषोत्सर्ग सांगितलाय : अंगावर चक्र-त्रिशुळाचा डाग देऊन खोंड मोकळा सोडायचा. त्यानंतर तो कुणा एकाचा नाही, गावाचा. कुणाच्याही शेतात तोंड घाली, आणि हाकलताना लोक दोनदा विचार करत. उमेश कुलकर्णींचा 2008 चा 'वळू' तुम्ही पाहिला असेल, देवाला सोडलेल्या अशाच एका वळूची ती गोष्ट. विष्णुस्मृतीत या खोंडाच्या निवडीची अटही आहे : तो अव्यंग असावा, दुधाळ असलेल्या आणि जिची वासरं जगतात अशा गाईचा असावा. आईची पारख झाली, मग पोराची. 'खाण तशी माती' आपण म्हणतो ते हेच. पण इथे हमी मात्र कुणी कुणाला देत नव्हतं. दान दिलेल्या वस्तूची हमी मागायची कशी? एखादा वळू निकामी निघाला तरी दुसरा कुणीतरी सोडलेला असे. नुकसान गावभर पातळ होऊन जाई.

हे पातळ होणं वऱ्हाडात कधी थांबलं? आम्ही बोट ठेवतो ते कापसावर. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला आणि खामगावचा बाजार जगाला कळला. गायरानं मोडून कपाशी आली. त्याच कपाशीसाठी बैल हवे, गाड्यांसाठी बैल हवे, पण चराई आकसली. म्हणजे मागणी वाढली आणि जनावर खालावलं. 1928 साली लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कृषी आयोगाने हेच दुष्टचक्र मांडलं : बैल कमकुवत निघतात म्हणून लोक आणखी गाई ठेवतात, गाई वाढतात म्हणून चारा पुरत नाही, आणि चारा नाही म्हणून पुढचा बैल आणखी कमकुवत. तेच लिनलिथगो 1936 ला व्हाइसरॉय होऊन आले, तेव्हा त्यांनी श्रीमंतांना चांगले वळू दान करायचं आवाहन केलं. जुना वृषोत्सर्गच म्हणा, फक्त त्रिशुळाच्या जागी सरकारी शिक्का. मुंबई प्रांताने त्याआधीच, 1933 ला, पशुधन सुधारणेचा कायदा करून अधिसूचित भागात परवान्याशिवाय वळू ठेवायला बंदी केली होती. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे तो कायदा इथला नव्हता.

चांगला वळू हवा तर आता विकत घ्यायचा, ही वेळ अशी आली. बीबी तर वऱ्हाड आणि मराठवाड्याच्या शिवेवरचं, मेहकरहून सिंदखेडराजा-जालन्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं. इथून एक हात वऱ्हाडी जनावराकडे जातो आणि दुसरा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतल्या लाल कंधारी-देवणीकडे. बाहेरगावचं जनावर घ्यायचं म्हणजे त्याची आई पाहिलेली नसते, बहिणी पाहिलेल्या नसतात.

न्यायशास्त्रात अनुमानाचे तीन प्रकार सांगतात, त्यातले दोन आपल्याला पुरे. ढग पाहून पाऊस येईल म्हणणं, कारणावरून कार्याकडे जाणं, हे पूर्ववत्. नदीला गढूळ पूर पाहून वर पाऊस झाला म्हणणं, कार्यावरून कारणाकडे जाणं, हे शेषवत्. बाजारात आपण वळूचा भरदार बांधा पाहतो आणि वासरांची कल्पना करतो, ते ढग पाहणं झालं. ढगावर किती विश्वास ठेवायचा, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला आम्ही काय सांगावं! विकणाऱ्याच्या गावात जाऊन या वळूची वासरं पाहणं, कोणाच्या गाई उलटल्या ते विचारणं, हे पूर पाहणं. एसटीचं भाडं आणि एक दिवस जातो, पण दलालाच्या दहा शपथांपेक्षा त्यात जास्त ज्ञान आहे.

ज्याची वासरं अजून झालेलीच नाहीत अशा तरण्या खोंडाचं काय? तिथे पशुवैद्यक. अंडकोशाचा घेर, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, पाय-डोळे धड आहेत का, आणि वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली. ही तपासणी झाली तर निम्मा अंधार जातो. निम्माच, कारण ती त्या दिवसाची साक्ष असते. शुक्रबीज तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात आणि अंडकोश शरीरापेक्षा काही अंश थंड राहावा लागतो. मे महिन्यात ट्रकमधून आणलेल्या खोंडाला ताप आला, तर त्याचा फटका जून-जुलैत दिसतो. मग विकणारा म्हणतो, 'मी चांगलाच दिला होता', घेणारा म्हणतो, 'मुळातच खोट होती', आणि दोघेही प्रामाणिक असू शकतात. शिवाय ब्रुसेल्ला, ट्रायकोमोनास असे रोग आहेत, ते वळू अंगावर न दाखवता गाईंना देतो.

अशा वेळी बोट पहिल्यांदा कोणाकडे जातं? गाईकडे. गाय एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली, उलटली, की 'गाईतच खोट' असं म्हणतात. दुसऱ्यांदा उलटली की ती भाकड म्हणून बाजारात जाते. आठ-दहा गाईंच्या घरात एक वळू निकामी असेल तर सगळ्याच उलटणार, आणि तो वळू शेवटपर्यंत दावणीला मानाने उभा. घराघरांत मूल होत नसलं की आपण काय करतो, हे वेगळं सांगायची गरज नाही. तीन गाई पाठोपाठ उलटल्या की आधी वळू तपासावा, एवढा साधा नियम पाळला तर कितीतरी चांगल्या गाई वाचतील.

आता कायद्याकडे. 1930 च्या माल विक्री कायद्यात जनावर हा मालच. त्याच्या सोळाव्या कलमाचा मुख्य सूर 'घेणाऱ्याने बघून घ्यावं' असाच आहे. पण घेणाऱ्याने आपला हेतू सांगितला, तो विकणाऱ्याच्या जाणतेपणावर विसंबला, आणि विकणाऱ्याचा धंदाच तो असेल, तर त्या हेतूला माल योग्य असण्याची अट आपोआप लागू होते. म्हणजे 'मी हा पैदाशीसाठी घेतोय' हे वाक्य बोललं आणि लिहिलं गेलं पाहिजे. पुढची मेख तेराव्या कलमात : एकदा माल स्वीकारला की परत देण्याचा हक्क साधारणपणे जातो, उरते ती भरपाई किंवा किमतीतली सूट. वळू घरी आणून महिनोन् महिने गाईंना दाखवला आणि कळवलं काहीच नाही, तर स्वीकारलाच म्हणायचा. म्हणून मुदत आधी ठरलेली हवी. अमेरिकेत वळू विकणारे लेखी अटी देतात : इतक्या महिन्यांत तक्रार करा, डॉक्टरचा दाखला आणा, विक्रीनंतरच्या इजेची जबाबदारी आमची नाही, आणि वळू खरंच निकामी आहे का हे आम्हाला आमच्या गोठ्यात तपासू द्या. ही शेवटची अट आम्हाला फार न्याय्य वाटते.

तिकडचाच एक उलटा खटला आहे, 1887 सालचा, मिशिगनचा. 'रोज सेकंड ऑफ ॲबरलोन' नावाची जातिवंत गाय वांझ समजून वजनावर, सुमारे 80 डॉलरला ठरली. ताबा देण्याआधी कळलं की ती गाभण आहे. तशी तिची किंमत 750 डॉलरच्या वर. मालकाने द्यायचं नाकारलं आणि तिथलं सर्वोच्च न्यायालय त्याच्या बाजूने गेलं. न्यायालय म्हणालं, वांझ गाय आणि वेत देणारी गाय या दोन वेगळ्याच वस्तू. आमच्या भाषेत, प्रजनन हा गुण नाही, द्रव्यच. एका न्यायाधीशाचं मत वेगळं पडलं : घेणाऱ्याला ती फळेल अशी आशा होती, आणि अशा आशेवर सौदा करायला कुणाची मनाई नाही. आम्हाला आज ते वेगळं मतच जास्त पटतं.

कृत्रिम रेतनाने हा प्रश्न सुटला असं काहींना वाटतं. तो सुटला नाही, वाटला गेला. 1967 ला मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बायफ उभी केली, पुढे 2002 ला राज्याचं पशुधन विकास मंडळ अकोल्यात आलं. आज गोठवलेल्या एका कांडीत वीस दशलक्ष शुक्रबीजं आणि वितळल्यावर निम्मी तरी हलती, असा केंद्राचा दंडक आहे. वळूची रोगतपासणीही झालेली असते. म्हणजे बी जिवंत आहे याची हमी मिळाली. गाय गाभण राहील याची हमी ती कांडी देत नाही. माज ओळखणं, वेळेवर डॉक्टर येणं, नायट्रोजनचं भांडं भरलेलं असणं, हे सगळं पुन्हा गोठ्याच्या मालकावर. म्हणून आडगावात अजून वळू लागतो.

एक शेवटचा मुद्दा. पूर्वी वळू निकामी निघाला तर तो खच्ची करून औताला लावत. निम्मा पैसा तरी निघायचा, म्हणून लोक हमीवर फार भांडत नसत. आता औत ट्रॅक्टरने केलं, बैलाला मागणी नाही. 2015 पासून राज्यात बैल आणि वळूही कत्तलबंदीत आले. निकामी वळू जन्मभर सांभाळायचा किंवा गोशाळेला द्यायचा. त्याचा रोजचा चारा कोणी द्यायचा, विकणाऱ्याने की घेणाऱ्याने? पैसे परत मिळाले तरी जनावर कोणी न्यायचं, गाडीभाडं कोणाचं? चिठ्ठीवर किंमत, दात आणि रंग लिहितात तशी ही एक ओळही आता लिहावी लागेल, आणि तिच्यासोबत नव्वद दिवसांची मुदत.

इथे थांबतो. कोणाच्या गोठ्यातला अनुभव असेल तर आता सांगा, आम्हाला ऐकायचं आहे.