भेगांची प्रतवारी
रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत कामानिमित्त गेलो, की मला २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप आठवतो. पहाटे आलेल्या, सुमारे ५.८ तीव्रतेच्या त्या धक्क्याने तीसहून अधिक माणसे दगावली. उभ्या राहिलेल्या असंख्य घरांना भेगा पडल्या. अशा वेळी घर राहण्याजोगे आहे काय, हे दारोदार फिरूनच ठरवावे लागे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तर नुकसानीच्या प्रतवारीवरच पुनर्वसन बेतले गेले.

२०२३ मध्ये तुर्कस्तानात कृत्रिम बुद्धिमत्तेने उपग्रहचित्रांवरून कोसळलेल्या इमारती हुडकल्या. वेग मोलाचा खराच. परंतु वरून छप्पर दिसते, भिंतीतली तिरपी भेग नव्हे. जवळच्या छायाचित्रात यंत्र भेगही ओळखील. पण प्रत चुकली, तर घरमालकाने अपील कोणाकडे करावे? मला तरी पंचनाम्याखाली अभियंत्याची सही हवी.